एकटे न सापडणारे : अस्तित्वविधानाच्या नीतीविषयी

१

समीक्षेच्या व्यवहारात 'आहे' हे क्रियापद फार सहजपणे वापरले जाते. कवितेत मौन आहे, कथनात रिक्त जागा आहे, वाच्यार्थापलीकडे दुसरा अर्थ आहे, संहितेच्या तळाशी एक विचारप्रणाली आहे, अशी विधाने आपण नेहमी करतो आणि विद्यार्थ्यांकडून करवून घेतो. या विधानांतील 'आहे' हे 'टेबलावर पुस्तक आहे' या विधानातील 'आहे'च्या जातीचे नाही, एवढे सर्वांना मान्य असते. परंतु ते नेमके कोणत्या जातीचे आहे, आणि जे कधीच एकटे, वेगळे काढून दाखवता येत नाही ते 'आहे' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कशाने प्राप्त होतो, ही विचारणा क्वचितच होते. ही विचारणा केवळ ज्ञानमीमांसेची नाही. 'आहे' म्हणणे ही एक कृती आहे आणि तिला जबाबदारी चिकटलेली असते. जे नाही ते आहे म्हणणे हा जसा दोष, तसाच जे आहे ते दिसत नाही म्हणून नाकारणे हाही दोष होय. या दुसऱ्या दोषाकडे आपले लक्ष कमी जाते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आधुनिक भौतिकीतील दोन विषयांच्या आधारे करावयाचा आहे : कॅसिमिर परिणाम आणि गेज क्षेत्र सिद्धांतांतील क्वार्कांचा बंदिवास. (भौतिकीत ज्याला 'कन्फाइनमेंट' म्हणतात त्याला येथे बंदिवास म्हटले आहे.) पहिल्यात परिणाम प्रयोगशाळेत मोजता येतो, पण तो ज्या वस्तूचा म्हणून सांगितला जातो ती वस्तू मानणे आवश्यक आहे काय, याविषयी वाद आहे. दुसऱ्यात वस्तूच्या अस्तित्वाविषयी आज वाद नाही, पण ती वस्तू एकटी कधीच सापडलेली नाही. दोन्ही उदाहरणे एकमेकांच्या उलट बाजूची आहेत, म्हणूनच ती एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

भौतिकीची उसनवारी करणाऱ्या समीक्षेने सावध राहावे, अशी कारणे इतिहासाने पुरवली आहेत. १९९६ साली ॲलन सोकल या भौतिकीवेत्त्याने 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकात पुंज-गुरुत्वाकर्षणावरचा एक लेख जाणूनबुजून निरर्थक लिहून छापून आणला, हे प्रकरण सर्वज्ञात आहे. त्याहून बोधप्रद उदाहरण फ्रिट्यॉफ काप्रा यांच्या १९७५ सालच्या 'द ताओ ऑफ फिजिक्स'चे आहे. काप्रांनी पौर्वात्य दर्शने आणि भौतिकी यांच्यातील साम्याचा कळस जेफ्री च्यू यांच्या 'बूटस्ट्रॅप' सिद्धांतात पाहिला. कोणताही कण मूलभूत नाही, प्रत्येक कण इतर सर्वांचा बनलेला आहे, असे हा सिद्धांत मानीत असे. परंतु नोव्हेंबर १९७४ मध्ये लागलेल्या एका नव्या कणाच्या शोधानंतर बहुसंख्य भौतिकीवेत्ते क्वार्कांच्या बाजूला गेले होते. दर्शनाला ज्या सिद्धांताचा आधार दिला, तो सिद्धांतच मागे पडला. मग दर्शनही खोटे ठरले काय? अर्थातच नाही, कारण ते त्या आधारावर कधी उभेच नव्हते. साम्य दाखवणे म्हणजे प्रमाण देणे नव्हे. पुढील विवेचनातही भारतीय काव्यशास्त्र आणि व्याकरणदर्शन यांचे उल्लेख येतील, पण आपल्या आचार्यांना पुंजभौतिकी ठाऊक होती असा त्यांचा अर्थ कोणी घेऊ नये. 'आहे' म्हणण्याच्या अधिकाराविषयी त्यांनी आपल्या क्षेत्रात जो कसून विचार केला, त्याच्याशी हे उल्लेख संबंधित आहेत.

२

हेंड्रिक कॅसिमिर हे हॉलंडमधील आइंडहोव्हन येथे फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत. त्यांच्या विचाराचा आरंभ निर्वाताच्या चिंतनातून झाला नाही. कलिलांतील सूक्ष्म कण दूर अंतरावर एकमेकांना अपेक्षेपेक्षा कमी जोराने का ओढतात, या औद्योगिक महत्त्वाच्या प्रश्नातून तो झाला. डर्क पोल्डर यांच्यासह केलेल्या किचकट गणिताचे उत्तर आश्चर्यकारकरीत्या सोपे निघाले. ते नील्स बोर यांच्या कानावर घातले असता, शून्यबिंदू-ऊर्जेशी याचा काही संबंध असावा असे ते पुटपुटले, अशी आठवण कॅसिमिर यांनी पुढे सांगितली आहे. त्या सूचनेवरून १९४८ साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला.

निबंधाचा आशय असा. पुंजसिद्धांतानुसार विद्युत्चुंबकीय क्षेत्र संपूर्ण शांत कधीच असू शकत नाही. जेथे प्रकाशाचा एकही कण नाही तेथेही क्षेत्राच्या प्रत्येक कंपनप्रकाराला एक किमान ऊर्जा असते. कंपनप्रकार अनंत असल्यामुळे या ऊर्जेची बेरीज अनंत येते. आता अशा निर्वातात विद्युत्भाररहित धातूच्या दोन गुळगुळीत पट्टिका समोरासमोर ठेवल्या, तर त्यांच्यामधल्या जागेत विशिष्ट तरंगलांबीचीच कंपने मावतात. आतली बेरीजही अनंतच असते. परंतु पट्टिका असतानाची आणि नसतानाची या दोन अनंतांची वजाबाकी शिस्तीने केली, तर उरणारी संख्या सांत असते आणि ती पट्टिकांमधील अंतरावर अवलंबून असते. म्हणून पट्टिका एकमेकींकडे ओढल्या जातात. हे बल अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर निम्मे केले की ते सोळापट होते. एक मायक्रॉन अंतरावर ते दर चौरस मीटरला सुमारे १.३ मिलिन्यूटन, म्हणजे नगण्य असते. तेच अंतर दहा नॅनोमीटरवर आणले की दाब साधारणपणे वातावरणाच्या दाबाइतका होतो.

१९५८ साली स्पारनाय यांनी केलेल्या प्रयोगाची अनिश्चितता इतकी मोठी होती की निष्कर्ष सिद्धांताच्या विरोधात जात नाही, एवढेच म्हणता आले. निर्णायक मोजमाप व्हायला १९९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्टीव्ह लामोरो यांनी सुमारे पाच टक्के अचूकतेने हे बल मोजले. पुढच्याच वर्षी उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी ही अचूकता एक टक्क्यापर्यंत नेली. २००२ साली इटलीत खऱ्या अर्थाने समांतर असलेल्या पट्टिकांवरही मोजमाप झाले.

येथपर्यंतची कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि तिचा शेवट 'निर्वात रिकामे नसते, हे प्रयोगाने सिद्ध झाले' या वाक्याने होतो. समीक्षकाला हे वाक्य मोहात पाडणारे आहे. रिक्ततेत सामर्थ्य असते, मौन बोलते, अनुपस्थिती उपस्थितीला आकार देते, या आपल्या आवडत्या विधानांना जणू भौतिकीने अनुमोदन दिले. कोणी एक पाऊल पुढे जाऊन नागार्जुनाच्या शून्यतेचेही नाव घेतो. वस्तुतः शून्यता हे वस्तूंच्या निःस्वभावतेचे नाव आहे, कोणत्याही पोकळीचे नव्हे. तिला ऊर्जेने भरलेले पात्र समजणे म्हणजे ज्या स्वभाववादाचे खंडन नागार्जुनाने केले, तोच त्याच्या नावावर चढवणे होय.

३

परंतु 'सिद्ध झाले' हे विधानच तपासले पाहिजे. १९७० च्या दशकात जूलियन श्विंगर यांनी शून्यबिंदू-ऊर्जेचे नावही न घेता हेच बल काढून दाखवले होते. २००५ साली रॉबर्ट जॅफी यांनी हा मुद्दा अधिक स्पष्टपणे मांडला. त्यांचे म्हणणे असे : पट्टिका म्हणजे आदर्श सीमा नव्हेत. त्या विद्युत्भारित कणांच्या बनलेल्या आहेत, आणि कॅसिमिर बल हे त्या भारांमधील पुंजीय आंतरक्रियेचेच बल आहे. प्रकाश आणि द्रव्य यांच्यातील जोडणीचा अंक शून्याकडे नेला, तर बलही शून्य होते. सुप्रसिद्ध सूत्रात तो अंक दिसत नाही याचे कारण एवढेच की ते सूत्र त्या अंकाच्या अतिमोठ्या मूल्याच्या मर्यादेतले आहे. म्हणून हे बल मोजले गेल्याने शून्यबिंदू-ऊर्जेचे अस्तित्व सिद्ध होत नाही. शून्यबिंदू-ऊर्जेची भाषा ही हिशेबाची सोयीची रीत आहे. तीच रीत विश्वाला लावून निर्वाताच्या ऊर्जेचा अंदाज करावा, तर तो निरीक्षणाशी सुमारे १२० दशमान-घातांनी विसंगत ठरतो, ही गोष्टही विसरता येत नाही.

जॅफी यांनी परिणाम नाकारलेला नाही. बल आहे, त्याचे मूल्यही तेच आहे. त्यांचा आक्षेप एवढाच की त्या परिणामासाठी एक नवी वस्तू मानण्याची गरज सिद्ध झालेली नाही.

संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या युक्तिवादाची ठेवण ओळखीची वाटावी. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या आरंभीच तीन प्रतिपक्ष उभे केले आहेत. ध्वनी नाहीच म्हणणारे, तो लक्षणेतच सामावतो म्हणणारे, आणि तो आहे पण शब्दांत सांगता येत नाही म्हणणारे. पुढे अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त जो हल्ला चढवला, तो या तिन्हींहून वेगळा आणि अधिक सूक्ष्म होता. सहृदयाला वाच्यार्थापलीकडील अर्थाची प्रतीती होते, हे त्याला मान्य होते. काव्यात रसाचे स्थानही त्याला मान्य होते. त्याचे म्हणणे इतकेच की या प्रतीतीसाठी व्यंजना नावाचा स्वतंत्र शब्दव्यापार मानण्याचे कारण नाही. वाच्यार्थावरून होणारे अनुमान तेवढ्याला पुरेसे आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त या मताचा प्रतिवाद केला. व्यंग्य अर्थ ज्या हेतूवरून अनुमानिला जातो असे म्हणावे, तो हेतू काव्यात अनुमानाला लागणाऱ्या निश्चिततेचा नसतो, हा त्या प्रतिवादाचा एक महत्त्वाचा मुद्दा होता.

या वादात कोण जिंकले, हा येथला प्रश्न नव्हे. लक्षात घ्यायचे ते हे की दोन्ही पक्षांनी परिणाम आणि परिणामाचे कारण यांच्यातला भेद अखेरपर्यंत सांभाळला. प्रतीती होते म्हणून व्यंजना आहेच, असे ध्वनिवाद्यांनी म्हटले नाही. दुसऱ्या कोणत्याही व्यापाराने ती उलगडत नाही, हे दाखवण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. आजची समीक्षा जेव्हा वाचकाला अस्वस्थता जाणवली एवढ्यावरून संहितेत 'दडपलेले' काही आहे असे जाहीर करते, तेव्हा ती ही जबाबदारी टाळत असते. जाणीव खरी असेल, पण तिच्या कारणाची कथा वेगळी सिद्ध करावी लागते.

४

आता उलट बाजूचे उदाहरण पाहू. १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे असे सुचवले की प्रोटॉनसारखे कण आणखी सूक्ष्म घटकांचे बनलेले आहेत असे मानल्यास त्यांचे वर्गीकरण सुटसुटीत होते. या घटकांना गेल-मान यांनी जे नाव दिले, त्याचे लेखन जेम्स जॉइसच्या 'फिनेगन्स वेक' या १९३९ सालच्या कादंबरीतून आले : क्वार्क. घटकांवरचा विद्युत्भार इलेक्ट्रॉनच्या भाराच्या एक-तृतीयांश वा दोन-तृतीयांश असायला हवा होता, आणि तसा भार कोणी कधी पाहिला नव्हता. गेल-मान यांनी प्रथम क्वार्कांविषयी गणिती सोय म्हणावी अशाच सुरात लिहिले. पुढे समुद्राच्या पाण्यापासून उल्कापाषाणांपर्यंत मुक्त क्वार्काचा शोध घेतला गेला. १९७७ साली स्टॅनफर्ड येथील एका गटाने निओबियमच्या गोळ्यांवर आंशिक भार आढळल्याचे जाहीर केले, पण इतरांना त्याला दुजोरा देता आला नाही. आजपर्यंत मुक्त क्वार्क सापडलेला नाही.

तरीही तो आहे असे आपण का म्हणतो? १९६८ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकात इलेक्ट्रॉनांचा प्रोटॉनांवर मोठ्या ऊर्जेने मारा केला, तेव्हा ते अशा रीतीने विखुरले की प्रोटॉनच्या आत टणक, बिंदूवत काहीतरी आहे असे मानणे भाग पडले. १९७३ साली ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखवले की क्वार्कांमधील बल अगदी जवळच्या अंतरावर क्षीण होत जाते. म्हणून जोराच्या आघाताला क्वार्क जवळजवळ मुक्त असल्यासारखे भेटतात. अंतर वाढवावे तसे मात्र बल कमी होत नाही. दोन जड क्वार्क दूर ओढू लागलो, तर त्यांच्यामधले ग्लुऑन-क्षेत्र सर्वत्र पसरण्याऐवजी एका अरुंद नळीत गोळा होते, आणि दर फेम्टोमीटरला सुमारे एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा खर्च करावी लागते. रोजच्या मापात सांगायचे, तर हे सुमारे सोळा टन वजनाइतके बल झाले. पुरेशी ऊर्जा ओतली की नळी तुटते खरी, पण तुटलेल्या टोकांशी त्याच ऊर्जेतून नवे क्वार्क आणि प्रतिक्वार्क जन्म घेतात. वेगळे काढण्याचा प्रयत्नच नव्या जोड्या निर्माण करतो.

याहून मूलभूत अडचण 'गेज' या शब्दात आहे. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजावी की पायथ्यापासून, हा आपल्या संकेताचा भाग आहे. दोन शिखरांच्या उंचीतला फरक मात्र संकेताने बदलत नाही. गेज सिद्धांतात असे संकेतस्वातंत्र्य अवकाशाच्या प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे असते, आणि संकेत बदलल्याने जे बदलत नाही तेवढेच भौतिक मानले जाते. क्वार्काचा 'रंग' नावाचा गुण एकट्याने घेतला, तर संकेताबरोबर बदलतो. म्हणून एकट्या रंगीत क्वार्काविषयी काही विधान करणे म्हणजे वर्णनाच्या सोयीलाच वस्तू समजणे होण्याचा धोका असतो. केनेथ विल्सन यांनी १९७४ साली बंदिवासाची कसोटी मांडली, तीही एकट्या क्वार्काला हात न लावता : एका बंद वळशावर मोजलेली राशी वळशाने वेढलेल्या क्षेत्रफळानुसार घटते काय, हे पाहावे. ही कसोटीही हलक्या क्वार्कांच्या प्रत्यक्ष जगात तंतोतंत लागू पडत नाही, कारण तेथे नळी तुटते. तिचे काटेकोर गणिती सिद्धीकरण अद्याप झालेले नाही. यांग-मिल्स सिद्धांताचे अस्तित्व आणि त्यातील वस्तुमान-अंतर सिद्ध करण्याचा निकटचा प्रश्न क्ले संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरच्या पारितोषिकाच्या प्रश्नांत घातला, तो आजही सुटलेला नाही.

५

क्वार्काची ही स्थिती भर्तृहरीच्या वाचकाला विचार करायला लावणारी आहे. 'वाक्यपदीया'त अर्थाचे मूळ एकक वाक्य आहे. ते अखंड आहे. पद, प्रकृती, प्रत्यय हे विभाग व्याकरणाने अपोद्धाराने, म्हणजे बुद्धीने वेगळे काढून दाखवलेले असतात. ते खोटे नव्हेत, कारण त्यांच्यावाचून शास्त्रच उभे राहत नाही आणि शिकणाऱ्याला वाक्याकडे जाण्याचा मार्ग मिळत नाही. परंतु ते वाक्याआधी सुटे पडलेले दगड आणि वाक्य म्हणजे त्यांची भिंत, असे मात्र नाही. प्रोटॉनचेही असेच. त्याच्या तीन क्वार्कांना जी वस्तुमाने नेमून दिली जातात, त्यांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे एक टक्का भरते. उरलेले वस्तुमान त्यांच्या गतीचे आणि त्यांना बांधणाऱ्या क्षेत्राचे आहे. क्वार्काचे वस्तुमान म्हणून जो आकडा दिला जातो, तोही गणनेच्या पद्धतीवर आणि मापनाच्या पातळीवर अवलंबून असतो. संपूर्ण ही अंगांची बेरीज नाही, या विधानाला येथे आकडा आहे.

पण येथेच थांबून फरक नोंदवला पाहिजे. भर्तृहरीच्या मते विभाग हा अखेर शास्त्राचा उपाय आहे. क्वार्क मात्र केवळ उपाय राहिला नाही. प्रोटॉनवर आघात केला असता इलेक्ट्रॉन ज्या कोनांत विखुरतात, ते कोन आपल्या बुद्धीने केलेले नाहीत. जे एकटे सापडत नाही ते नाही, असा नियम करणारा माणूस १९६४ साली सावध म्हणवला गेला असता. १९७५ नंतर तोच नियम धरून बसणारा माणूस सावध नव्हे, तर दुराग्रही ठरला असता. एकटे सापडणे ही अस्तित्वाची कसोटी नव्हे. कसोटी ही की आघात बदलला, वर्णनाचा संकेत बदलला, तरी एकाच गोष्टीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा पुन्हा पुन्हा मिळतात काय.

६

या दोन विषयांत केवळ वैचारिक नाते आहे असे नाही. भौतिकीतही ते जोडलेले आहेत. क्वार्कांना बांधणारी नळी ही ताणलेल्या तारेसारखी थरथरत असते, आणि त्या थरथरीच्या किमान ऊर्जेमुळे दोन क्वार्कांमधील विभवात अंतराच्या व्यस्त प्रमाणातली एक छोटी दुरुस्ती येते. मार्टिन ल्यूशर यांनी १९८१ च्या सुमारास दाखवले की तिचा सहगुणक क्वार्कांच्या वा बलाच्या तपशिलावर अवलंबून नाही. तो केवळ अवकाशाच्या मितींवरून ठरतो. ही दुरुस्ती म्हणजे तारेचा कॅसिमिर परिणामच होय. २००२ साली संगणकीय जालकावरील गणनेत ती दिसून आली.

सीमा कशी आहे यावर किती अवलंबून असते, याचे उदाहरणही बोधप्रद आहे. पट्टिकांमधले बल आकर्षक असते, म्हणून १९५३ साली कॅसिमिर यांनी अशी कल्पना मांडली की इलेक्ट्रॉन हे एक सूक्ष्म गोलाकार कवच असावे आणि हेच बल त्याला स्वतःच्या विद्युत्भाराच्या स्फोटापासून वाचवीत असावे. १९६८ साली टिमथी बॉयर यांनी गणना पूर्ण केली, तेव्हा गोलासाठी बल बाहेरच्या दिशेने निघाले. तोच निर्वात, पण सीमेचा आकार बदलताच चिन्ह उलटले. १९७४ साली मॅसॅच्युसेट्समधील एका गटाने क्वार्क एका गोल पिशवीत कोंडले आहेत असे प्रारूप मांडले. त्या गटात जॅफीही होते. पुढे प्रारूप कणांच्या वस्तुमानांशी जुळवताना त्यात शून्यबिंदू-ऊर्जेचे म्हणून एक पद घालण्यात आले. निरीक्षणाशी जुळवून घेतलेल्या या पदाचे चिन्ह पुढील प्रत्यक्ष गणनांतून निघालेल्या चिन्हाच्या विरुद्ध होते. नाव होते निर्वाताचे, पण त्या नावाखाली आपल्या अज्ञानाची बेरीज जमा झाली होती.

अलीकडे म्हणजे २०१७ साली मॅक्सिम चेर्नोदुब आणि त्यांचे सहकारी यांनी दोन अवकाश-मितींच्या एका साध्या गेज सिद्धांतात संगणकीय गणना करून दाखवले की दोन सीमा पुरेशा जवळ आणल्या, तर त्यांच्यामधल्या जागेत बंदिवास नाहीसा होतो. याचा अर्थ फार मोलाचा आहे. बंदिवास हा बंदिवान कणाचा अंगभूत गुण नव्हे. त्याच्या सभोवतालच्या निर्वाताची जी घडण आहे, तिचा तो गुण आहे, आणि ती घडण सीमांनी बदलते. हे प्रारूप साधे आहे, प्रत्यक्ष जगाचे नाही. पण बंदिवासाचे कारण कोठे शोधावे, याची दिशा ते दाखवते.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पांढरपेशा घरात वाढलेल्या एखाद्या लेखकाचे जुने आत्मचरित्र घ्या. त्यात पाणी भरले जाते, अंगण झाडले जाते, शेण काढले जाते, पंगती उठतात. ही कामे करणारी माणसे मात्र एकटी, नावानिशी, कोठेच भेटत नाहीत. क्रियापदे कर्मणी आहेत, कर्ता लुप्त आहे. या माणसांविषयी समीक्षकाने काय म्हणावे?

संहितेत त्यांचा उल्लेख नाही, म्हणून संहितेपुरती ती नाहीत, असे म्हणणारा समीक्षक स्वतःला वस्तुनिष्ठ समजतो. वस्तुतः तो एकटे सापडणे हीच अस्तित्वाची कसोटी धरून बसला आहे. ज्यांच्या श्रमावर संहितेतील घर उभे आहे त्यांच्या खुणा प्रत्येक कर्मणी वाक्यात विखुरलेल्या असताना त्या नाकारणे ही सावधगिरी नव्हे. तो अन्याय आहे, आणि तो दुसऱ्यांदा होत असतो.

याउलट, हे आत्मचरित्र म्हणजे खरे तर या मौनाचेच पुस्तक आहे, त्याचे प्रत्येक पान या दडपणुकीने भरलेले आहे, असे म्हणणारा समीक्षक दुसऱ्या टोकाचा दोष करतो. प्रत्येक संहिता अनंत गोष्टींविषयी मौन बाळगते. या अनंताला सामर्थ्य बहाल करणे म्हणजे निर्वाताची निरपेक्ष ऊर्जा मोजल्याचा दावा करणे होय. अर्थपूर्ण असतो तो फरक : सीमा असतानाचे मौन आणि नसतानाचे मौन यांच्यातला. आणि सीमा दाखवावी लागते. विशिष्ट वाङ्मयप्रकाराची अपेक्षा, त्या काळचे इतर लेखन, लेखकाने इतरत्र स्वतः दिलेली माहिती, यांपैकी कोणत्या सीमेच्या संदर्भात हे मौन मोजले जात आहे, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे. ते सांगितले की त्याच्या विधानाचे खंडनही शक्य होते, आणि खंडन शक्य असणे हे विधानाच्या प्रतिष्ठेला बाधक नसून तिचा आधार आहे.

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. त्यानंतर आधीची पुष्कळ आत्मचरित्रे वेगळी वाचता येऊ लागली. त्या आत्मचरित्रांतला एकही शब्द बदललेला नव्हता. पण ज्या अवकाशाला तोवर एकच बाजू होती, त्याला समोरून दुसरी सीमा मिळाली. जे मौन तोवर केवळ नसणे होते, ते आता दोन लेखनांमधल्या अंतराचा परिणाम म्हणून दाखवता येऊ लागले. कर्मणी वाक्यांत बंदिवान असलेला कर्ताही त्यामुळे मोकळा होऊ लागला. त्याचा बंदिवास त्याच्या मुकेपणात नव्हता, भोवतालच्या वाङ्मयव्यवहाराच्या घडणीत होता. या तुलनेला अर्थातच आकडा नाही, चौथ्या घाताचा नियम नाही. साम्य प्रमाणाची जागा घेऊ शकत नाही, हे आरंभीच म्हटले आहे. प्रमाण त्या संहितांतूनच, वाक्यावाक्यातून द्यावे लागेल.

येथे एक आक्षेप संभवतो. भौतिकीवेत्त्याला वाट पाहणे परवडते. स्पारनायपासून लामोरोपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे गेली, कोणाचे बिघडले नाही. ज्यांच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे त्या माणसांच्या बाबतीत इतक्या काटेकोर प्रमाणाची मागणी करणे म्हणजे नकाराला मुदतवाढ देणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. एवढे मात्र म्हणता येते की अतिदाव्याने त्या माणसांचे हित साधत नाही. सर्वत्र सर्वच मौन बोलते असे म्हटले, की या विशिष्ट माणसांचे, या विशिष्ट घरातले मौन त्या सार्वत्रिक गलबल्यात हरवते, आणि नाकारणाऱ्याला आयतेच निमित्त मिळते. त्यांना न्याय द्यायचा तर ते कोणत्या वाक्यात, कोणत्या क्रियापदामागे आहेत, हेच दाखवावे लागेल. विलंबाचे कारण म्हणून प्रमाण मागणे निंद्य आहे. पण आपण स्वतः लवकरात लवकर प्रमाण देणे हे कर्तव्यच आहे.

'आहे' म्हणण्याचा अधिकार, तेव्हा, दोन बाजूंनी बांधलेला आहे. परिणाम जाणवला म्हणून कारणाची आवडती कथा सिद्ध मानू नये, हे कॅसिमिर परिणामाचा इतिहास सांगतो. एकटे भेटत नाही म्हणून नाकारू नये, हे क्वार्काचा इतिहास सांगतो. पहिली शिकवण आपल्याला संशयी करते, दुसरी आपल्याला उदार करते. पहिल्या शिकवणीचा विसर पडलेली समीक्षा अद्भुत कथा होते, दुसऱ्या शिकवणीचा विसर पडलेली समीक्षा पहारेकऱ्याची नोंदवही होते. महिमभट्टाने आनंदवर्धनाकडे मागितला तो हिशेब आपण स्वतःकडे मागावा, आणि तो देऊन झाल्यावर, जे कर्मणी वाक्याआड उभे आहेत ते तेथे आहेत असे न कचरता म्हणावे.